संघूचा कोपरा

१६ जून

आज राजारामपुरीत पालकांसाठी व्याख्यान होतं. क्लासचे विजयसिंह सर बोलले. ज्या वर्षी मूल मोठ्या परीक्षेला बसतं, त्या वर्षी बापानंही रोज चार ओळी लिहाव्यात, म्हणजे घराला वळण लागतं, असं ते म्हणाले. हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात लिहिणारा मी एकटाच असेन. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेली, त्यामुळं हाताला सवय आहे. पण टिपणीत स्वतःविषयी काही लिहायचं नसतं. इथं ते जमेल की नाही बघू.

संघूचा नीटचा निकाल लागून पंधरवडा होत आला. तिचा हा दुसरा प्रयत्न होता. मार्क वाढले, पण एमबीबीएसला पुरत नाहीत. शालन म्हणाली, "बीएस्सीला घालूया की तिला. नायतर नर्सिंगला. पोरगी दमलीया." मी म्हणालो, एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या पोरीला शेवटच्या पायरीवरनं खाली आणायचं? संघूला विचारलं, "संघू, आणि एक वर्ष काढायचं का?" ती म्हणाली, "तुमी म्हणशीला तसं, पप्पा." मला तेवढं बास आहे.

सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. परदेशातली असावीत. खिडकीशी टेबल, पिवळा दिवा, कुंडीतलं रोप, वाफाळता कप. म्हणाले, जागा गोड असली की अभ्यास गोड लागतो. मला माझं लहानपण आठवलं. गारगोटीला आम्ही सातजण एका खोलीत राहत होतो. दहावीचा अभ्यास मी एस.टी. स्टँडच्या बाकड्यावर केला. कंट्रोलरच्या खिडकीतनं पडेल तेवढा उजेड माझा. शेवटची गाडी सुटली की दिवा बंद, आणि माझं पुस्तकही बंद. पुढं बारावीला तीन विषय राहिले ते राहिलेच.

संघूला मी असा कोपरा करून देणार.

२३ जून

कोपरा झाला. लक्ष्मीपुरीतनं प्लायवूड आणलं, सुताराला दोन दिवस घरीच बसवलं. पुढच्या खोलीत खिडकीच्या अंगाला आडभिंत घेतली, दाराच्या जागी निळा पडदा. टेबल, फळी, मनीप्लँट. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, ते लिहायला बसलेत तो. दिवा मात्र मी तीन दुकानं फिरून घेतला. पांढरा उजेड डोळ्याला टोचतो, पिवळा मायेचा असतो.

आमच्या घरात उजेडाची खिडकी एकच आहे. तिच्याखाली शालनचं शिलाई मशीन होतं. ते समोरच्या पूर्णिमाच्या सोप्यात नेऊन ठेवलं. पूर्णिमा चांगली बाई आहे, काही बोलली नाही. शालन म्हणाली, "तिथं दोरा ओवायचा कसा मी? अंधार हाय नुसता." मी म्हणालो, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. तिनं मशीनवरचं फडकं झटकलं आणि एक बाजू उचलू लागली. दुसरी मी धरली.

संघू खुर्चीत बसली. मी दिवा लावला. "कसं वाटतंय?"

"छान हाय, पप्पा." मग जरा वेळानं, "आई बसणार कुठं आता?"

मायाळू आहे पोरगी.

२१ जुलै

पाऊस उघडीप देत नाही. पंचगंगेचं पाणी बावड्याच्या बंधाऱ्यावरनं कधीच गेलं. क्लासला सुट्टी आहे. पण आमच्याकडं सुट्टी नाही.

दिनक्रम आता बसला आहे. पहाटे मीच तिला उठवतो. दूध मीच तापवतो, हळद घालून. ती खुर्चीत बसली की पडदा अर्धा ओढून मी मागं सतरंजीवर बसतो. पेपरसुद्धा उलटत नाही, आवाज होतो म्हणून. टीव्ही कपाटात गेला. संघू अंघोळीला गेली की तेवढ्यात शालन कुकर लावून शिट्ट्या उरकून घेते.

आज बाहेर धो धो चाललेलं, आत तो पिवळा उजेड, कपातनं वाफ, आणि पोरीची ताठ पाठ. सरांच्या चित्रात आणि माझ्या घरात काही फरक राहिला नव्हता. मी मागनं एक फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, "नागसेनदादा, असा बाप पाहिजे."

आयुष्यात इतकं सुख मला क्वचित झालं असेल. लिहून ठेवतो.

११ ऑगस्ट

संघू टेस्टला गेली होती. शालन पूर्णिमाकडं. घरात कुणी नव्हतं म्हणून मी तिच्या खुर्चीत बसलो. दिवा लावला. उगीच.

जीवशास्त्राचं पुस्तक आपोआप मूत्रपिंडाच्या आकृतीवर उघडलं. गेल्या रविवारीही तेच पान होतं, आणि त्याआधीही. अवघड धडा असणार. पोरगी काटेकोर आहे, पक्कं झाल्याशिवाय पुढं सरकत नाही. पेनांचा डबा आणून दिला होता, त्यातली बहुतेक पेनं कोरी आहेत. जपून वापरते.

मी बराच वेळ बसलो. स्टँडवरच्या त्या बाकड्याला पाठ टेकायला काही नव्हतं. ही खुर्ची पाठीला छान बसते.

८ सप्टेंबर

आतापर्यंतच्या तिन्ही टेस्टचे मार्क खाली आले. विजयसिंह सरांना फोन केला. ते म्हणाले, पाया पक्का करताना असं होतं, वातावरण टिकवा. वातावरणात आपण कमी पडत नाही. तरी खुर्ची बदलली. दिव्याची मान जरा उंच केली. मोगऱ्याचा वास येणारी मेणबत्ती आणली. मन एकाग्र होतं म्हणे.

कोपरा बघायला लोक येतात आता. परवा उचगावचं एक जोडपं आलं होतं, पोराला घेऊन. मी पडदा सारून दाखवला. संघू उठून उभी राहिली. ते म्हणाले, "बस बाळा बस, आमी नुसतं बघून जाणार." ती बसली. त्यांनी टेबलाची लांबी-रुंदी मोजून घेतली.

शालननं संध्याकाळी संघूचा कंगवा माझ्यापुढं धरला. केसांचा बोळा होता. "बघा ह्ये." मी म्हणालो, पाणी बदललंय, पुराचं पाणी आहे. खोबरेल चोळ.

१२ ऑक्टोबर

दसरा. दरवर्षी आमच्या गल्लीतनं नागपूरला जाणारी मंडळी रेल्वेनं निघतात. संघू पोटात होती तेव्हाही शालन गेली होती. यंदा आम्ही नाही गेलो. आठ दिवसांपूर्वी संघूनं विचारलं होतं, "पप्पा, पूर्णिमाकाकूंसंगं जाऊ मी? दोनच दिवस." मी समजावलं. दीक्षाभूमी कुठं पळून जात नाही, पुढच्या वर्षी डॉक्टर होण्याच्या वाटेवर जा, जास्त शोभेल. ती व्हय म्हणाली आणि पडद्याआड गेली.

दुपारी ती जागेवर नव्हती. समोरच्या बंद घराच्या सोप्यात मशीनवर बसलेली. शालन शेजारी. कुणाच्या तरी परकराला नेफा घालत होत्या आणि संघू हसत होती. काय बोलत होत्या कुणास ठाऊक. मी रस्त्यातनंच म्हणालो, "संघू, वेळ झाला." ती उठली. पाय मशीनवरनं काढताना चाक अजून फिरतच होतं.

रात्री शालन मला म्हणाली, "तिला जरा मोकळी सोडा."

मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. म्हणालो, त्यांनी अठरा अठरा तास वाचलं.

"त्येंला भूक हुती वाचायची," ती म्हणाली. "हिला कसलीच भूक ऱ्हायली न्हाय. भाकरीचीबी न्हाय. तुमाला दिसत न्हाय व्हय?"

शालन दुसरीपर्यंत शिकली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी पुढं बोललो नाही.

२४ नोव्हेंबर

आज पालक मेळावा. विजयसिंह सरांनी मला बोलायला सांगितलं होतं: 'घरातला अभ्यासाचा कोपरा'. मी चार दिवस तयारी केली. कोट इस्त्री करून घातला. माईकसमोर पहिल्यांदाच उभा राहिलो, पण बोललो. गारगोटीचा स्टँड सांगितला, कंट्रोलरची खिडकी सांगितली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

मग सरांनी संघूला बोलावलं. मुलांना दोन शब्द सांग म्हणाले. संघू वर आली. फिकट पिवळा ड्रेस होता, शालननं शिवलेला, आता तो अंगावर सैल झालाय. सरांनी तिच्या हातात कागद दिला. आठ-दहा ओळी मीच लिहून दिल्या होत्या. तिनं कागद धरला. धरून उभीच राहिली.  मी खालनं पुटपुटलो, "माझ्या प्रिय मित्रमैत्रिणींनो." तिनं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं.

"मला वाचायला येत न्हाय," ती माईकमध्ये म्हणाली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागची पोरं हसली. सरही हसले, टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा, एवढा अभ्यास करून किती हा विनय! शिकणाऱ्याला नेहमी असंच वाटतं, की आपल्याला काहीच येत नाही." मोठ्या टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

रिक्षात ती माझ्या आणि शालनच्या मध्ये बसली होती. शालननं तिचा हात घट्ट धरलेला. मी म्हणालो, "भारी बोललीस." 

१५ डिसेंबर

अपघात झाला. मशीनची सुई संघूच्या डाव्या हाताच्या बोटातनं आरपार गेली. सुई मोडून आत राहिली होती, ती दवाखान्यात काढली. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तरी मी सांगत होतो, दुपारचं तिला मशीनवर बसू देऊ नका.

पूर्णिमा म्हणते, सुई शिरली तरी संघू पाय थांबवत नव्हती, बोटाकडं बघत पाय मारत होती, शेवटी आपणच चाक धरलं. पूर्णिमाला वाढवून सांगायची सवय आहे.

उजवा हात शाबूत आहे हे नशीब. लिहायला अडचण नाही.

१८ डिसेंबर

शालन माझ्याशी न बोलता तिला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. मला ऑफिसात फोन आला, "तुमी बी या." गेलो. डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत. संघूला बाहेर बसवून त्या आमच्याशी बोलल्या.

त्या म्हणाल्या, हा आजार आहे, आळस नाही. सध्या ती एक ओळ वाचते आणि दुसरीवर जाईपर्यंत पहिली निसटते. हे बरेच महिने चाललं असणार. आता पुस्तक समोर ठेवू नका. ठरलेलं वेळापत्रकही नको. परीक्षा विसरा.

मी विचारलं, "मे महिन्यापर्यंत बरी होईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी मे महिन्याचं बोलतच नाहीये, साहेब."

"मग कवा?"

"सांगता येत नाही. काहीजण बरे होतात, वेळ लागतो. तिला एकटं ठेवू नका. गोळ्या चुकवू नका. आणि घरातलं औषध-फिनेल वर ठेवा."

मी वही काढून दिनक्रम दाखवायला लागलो. त्यांनी वाचला. वाचून मला परत दिला आणि शालनकडं बघत पुढचं सगळं तिलाच सांगितलं.

बाहेर संघू बाकड्यावर होती. तिच्या शेजारी कुणाचं तरी तान्हं पोर झोपलेलं. ती त्याच्यावरची माशी वारत होती.

५ जानेवारी

लिहू नये असं वाटतं. पण लिहायचं तर हेही.

गोळ्या सुरू झाल्यापासनं ती दुपारपर्यंत झोपते. बावड्याचा कारखाना सुरू झालाय, खिडकी उघडली की मळीचा वास येतो, म्हणून मी खिडकी लावून कोपरा रोज झाडून ठेवतो. मी म्हणत होतो, सगळं बंद करण्यापेक्षा रोज थोडं थोडं. धार जाऊ नये इतकंच. आज सकाळी शालन भाजीला गेल्यावर मी संघूला म्हणालो, पुस्तक नको, पेपर तर वाचशील? नुसती एक बातमी. मोठ्यानं.

तिनं पेपर घेतला. बघत राहिली. ओठ हलले. मग डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, बातमीवरच.

"अक्षरं दिसत्यात, पप्पा," ती म्हणाली. "वाक्य हुईना."

माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. मी ओरडलो, "सोंग करतीस व्हय? बापासंगं सोंग करतीस?"

तिनं पेपरची घडी घातली. नीट, कडा जुळवून.

"व्हय," ती म्हणाली. "सोंगच करत हुतो. पाऊस लागल्यापासनं. तुमचा पाय वाजला की मी पान उलटायचो."

"मग दिवस दिवस बसत हुतीस ते?"

"तुमी मागं बसून बघायचा. तुमास्नी बरं वाटायचं. म्हणून बसायचो."

मी तिला मारलं नाही. हात उचलला होता, ते खरं. तेवढ्यात शालन दारात आली, भाजीची पिशवी हातात. तिनं माझा हात बघितला.

मी घाटावर जाऊन बसलो. ऊन उतरेपर्यंत. परत येताना मनात हिशेब चालू होता, की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. चार महिने कमी नसतात.

२६ जानेवारी

ऑफिसातलं झेंडावंदन करून आलो तर दारात पिकअप उभी. शालनचा भाऊ प्रसेनजीत कुरुंदवाडहून आलेला. तो वांगी घालायला मार्केट यार्डात येत असतो. आज मागच्या हौद्यात मशीन चढवलेलं होतं, दोरखंडानं बांधून. कपड्यांच्या दोन पिशव्या.

शालन म्हणाली, "आमी जातोय. तिथं माझी भावजय हाय, रूपाली, पोरं हाईत, शेत हाय. हितं न्हाई ऱ्हायाची ती."

"किती दिवस?"

"तुमी दिवसच मोजा."

संघू पुढं बसली होती, काचेतनं समोर बघत. मी जवळ गेलो. म्हणालो, "गोळ्या वेळेवर घे." तिनं मान हलवली. काय वाटलं कुणास ठाऊक, मी आत पळालो, टेबलावरचा दिवा वायर गुंडाळून आणला आणि प्रसेनजीतच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, जरा वेळ धरला आणि परत माझ्याकडं दिला.

"ह्ये ऱ्हाऊ द्या, दाजी," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता.

गाडी वळली तशी पूर्णिमा सोप्यात आली. जिथं मशीन होतं तिथला केर लोटायला लागली.

१६ फेब्रुवारी

कुरुंदवाडला जाऊन आलो. जाताना वाडीचे पेढे घेतले.

संघू परसात रूपालीबरोबर वांगी निवडत बसली होती. किडकी एकीकडं, चांगली एकीकडं. पायाजवळ शेरडू बांधलेलं. काळवंडलीय जरा. मला बघताच तिनं पाठ ताठ केली आणि मान खाली घालून भराभरा वांगी निवडायला लागली. म्हणजे बैठकीची सवय मोडलेली नाही. बरं वाटलं.

"कशी हाईस?"

"छान हाय, पप्पा."

मी तासभर बसलो. ती उठली नाही, पाणी प्यायलासुद्धा. चांगली-किडकी आता एकाच पाटीत पडत होती. रूपालीनं हळूच पाटी ओढून घेतली, तरी हिचे हात चाललेलेच.

शालन मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आता बोलावल्याबिगर येऊ नका."

"मी बाप हाय तिचा."

"म्हणूनच म्हणतोय. परवा शेजारच्या म्हाताऱ्याचा पाय वाजला तर हातातलं टाकून सरळ बसली. तुमी येऊन गेला की चार दिवस लागत्यात तिला सावराय." तिचा आवाज चढला नव्हता. "प्रसेनजीतच्या लगनाला येताना एस.टी.चा बोर्ड वाचता येईना म्हणून मला रडू आलतं, तवा ह्याच पोरीनं, सा वर्साची हुती, मला वाचायला शिकवलेलं, जोडाक्षरं. आठवतंय? आता मी तिला बोर्ड वाचून दावतो. ती 'बरं' म्हणती."

मला आठवत नव्हतं. मी आठवतंय म्हणालो.

७ मार्च

फॉर्मची शेवटची तारीख होती. भरला. शालनला सांगितलं नाही. फोटो मागच्या वर्षीचा लावला, गाल भरलेले आहेत त्यात. नाही बसली तर नाही बसली. पण बसावंसं वाटलं आणि फॉर्मच नाही, असं व्हायला नको.

१४ एप्रिल

विहारात दरवर्षीसारखा सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होता. दारात चपलांचा ढीग. आतनं पानं उलटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. गेल्या वर्षी संघू सगळ्यांत शेवटी उठली होती.

कार्यकर्ते म्हणाले, "दादा, संघू?" मी म्हणालो, मामाकडं गेलीय, तिथं शांतता आहे.

४ मे

आज परीक्षा होती.

हॉल तिकीट तीन दिवसांपूर्वीच काढून ठेवलं होतं. सेंटर शहरातच, एका कॉलेजात. सकाळी शालनला फोन करावा असं फार वाटलं. तासाभराचा रस्ता, प्रसेनजीतची गाडी आहे. नंबर काढला आणि ठेवून दिला. मग अंघोळ केली, शर्ट घातला, पाण्याची बाटली भरली, हॉल तिकीट हातात घेतलं आणि निघालो. कशाला निघालो ते मला सांगता येणार नाही.

गेटबाहेर जत्रा. आया पोरांच्या कानातलं काढून घेत होत्या, कुणी लेकीच्या वेणीची पीन काढत होतं. दीडला गेट लागलं. उशिरा आलेल्या एका पोराचा बाप लोखंडावर हात आपटत राहिला, मग तोही गप्प झाला.

झाडाखाली सावलीत पालक बसले होते. एका फेटेवाल्या पावण्यांनी टॉवेल सरकवून मला जागा दिली. आकाराम नाव, राधानगरीच्या पुढचे. त्यांची नात आत होती, निशिगंधा. "तुमचं कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"पोरगी," मी म्हणालो. "संघप्रिया."

"अभ्यास झालाय न्हवं चांगला?"

मी सांगायला लागलो. खिडकी, टेबल, प्लायवूडची भिंत, निळा पडदा. पिवळा उजेड का आणि पांढरा का नको. पहाटेचं हळदीचं दूध. आवाज होऊ नये म्हणून मी पेपर उलटत नव्हतो ते. आजूबाजूचे चारजण सरकून जवळ आले. एका बाईंनी दिव्याचं दुकान विचारलं. मी विचारेल त्याला सांगत होतो, आणि सांगताना मला सगळं खरं दिसत होतं. ती आत तिसऱ्या-चौथ्या बाकावर आहे, पाठ ताठ आहे, पेन चाललंय. आकाराम म्हणाले, "पोरीनं नशीब काढलं." मी त्यांना नाही म्हणालो नाही.

पाचला घंटा झाली. पोरं बाहेर आली. आकारामांची नात धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली. बरा गेला होता पेपर. मी उठलो, आता हळूच निघावं म्हणून. तर आकारामांनी दंड धरला. "थांबा की. तुमच्या लेकीला बघूनच जाणार आमी. ह्या आमच्या पोरीला तिच्या पायावर घालतो."

आम्ही थांबलो. गर्दी पातळ होत गेली. निशिगंधा विचारत होती, "कुठल्या रंगाचा ड्रेस हाय, काका?" मी म्हणालो, पिवळा. शेवटची दोन पोरं आली. मग कुणीच नाही. वॉचमननं गेट ओढायला घेतलं.

"अवो थांबा!" आकाराम ओरडले. "हेंची पोरगी आत हाय अजून!"

"आत कोण न्हाय आता, बाबा. खोल्या बंद झाल्या."

म्हातारा घाबरला. आत चक्कर येऊन पडली असंल, असं म्हणत त्यानं गेटचे गज धरले आणि मोकळ्या कॉलेजकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "संघप्रियाऽऽ! ए पोरी! संघप्रियाऽऽ!"

जानेवारीपासनं घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

त्यानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी म्हणालो, "ती आली न्हवती."

"आं?"

"ती आलीच न्हवती. आजारी हाय. मी एकटाच आलतो."

आकारामांनी गज सोडले. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या हॉल तिकिटाकडं बघितलं.  मग नातीनं त्यांचा हात धरून त्यांना माझ्यापासनं हळूच बाजूला घेतलं, जसं वाटेत काही पडलेलं असलं की लहान पोराला घेतात. जाताना ते दोनदा मागं वळले.

मी तिथंच फुटपाथवर बसलो. शालनला फोन लावला. मागं कोंबड्यांचा आवाज होता, आणि रूपालीच्या पोरांचा.

"संघू काय करतीया?" मी विचारलं.

"झोपलीया. सकाळधरनं उठली न्हाय." मग ती म्हणाली, "तुमी कुठं हाय?"

"ऑफिसात."

 

"आज आयतवार हाय, अवो," शालन म्हणाली.